मोबाइल ॲपमधून एक्सएमएल फाइल तयार करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पृष्ठ अँड्रॉइड आणि आयफोनसाठी ॲप लिहिणाऱ्यांकरिता आहे. एक्सएमएल (माहिती टॅगांच्या चौकटीत मजकूर म्हणून लिहिण्याची पद्धत) वाचणे या विषयावर भरपूर लिहिले गेले आहे. ते नीट लिहिणे, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या प्रोग्रॅमला निमूटपणे उघडता येईल अशी फाइल आपल्या ॲपमधून बाहेर काढणे, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. सगळी चर्चा हवेत राहू नये म्हणून येथे एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे : सह्याद्रीतल्या भटकंतीची वाट नोंदवणारे आणि ती जीपीएक्स फाइल म्हणून देणारे ॲप.

जीपीएक्स म्हणजे काय, आणि हेच उदाहरण का निवडले?

जीपीएक्स हा वाटा, थांबे आणि मार्ग यांची देवाणघेवाण करण्यासाठी असलेला एक्सएमएलचा एक ठरलेला साचा आहे. त्याची १.० आवृत्ती २००२ मध्ये आणि आज सर्वत्र चालणारी १.१ आवृत्ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. हातातली जीपीएस उपकरणे, मनगटी घड्याळे, ओपनस्ट्रीटमॅप आणि नकाशांची असंख्य ॲप हा साचा वाचतात.

हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की एक्सएमएल लिहिताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका त्यात एकत्र भेटतात. त्यात माणसाने टाइप केलेले मराठी नाव असते, यंत्राने मोजलेले दशांश असतात, वेळ असते, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालल्यावर जमणारे हजारो बिंदू असतात. शिवाय आपण लिहिलेली फाइल कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडली जाणार आहे हे आपल्याला ठाऊक नसते, त्यामुळे ‘आमच्या ॲपमध्ये तर उघडते’ हे उत्तर येथे चालत नाही.

जेसन असताना एक्सएमएल कशाला वापरायचे?

जेसन ही माहिती लिहिण्याची दुसरी, सुटसुटीत पद्धत आहे. आपलेच ॲप आणि आपलाच सर्व्हर एकमेकांशी बोलत असतील, तर एक्सएमएल वापरण्याचे काही कारण नाही. परंतु समोरच्याने साचा आधीच ठरवला असेल तर निवड आपल्या हातात राहत नाही. जीपीएक्स एक्सएमएल आहे, टॅलीमध्ये बाहेरून नोंदी टाकण्याचा जुना मार्ग एक्सएमएलचा आहे, आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल डिजिटल स्वाक्षरी केलेले एक्सएमएल असते. अशा ठिकाणी प्रश्न आवडीचा नसून साचा काटेकोर पाळण्याचा असतो.

स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून एक्सएमएल तयार केले तर नेमके काय बिघडते?

चाचणीच्या वेळी काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच ही पद्धत घातक आहे. कोणी आपल्या वाटेला ‘आई & बाबांसोबत राजगड’ असे नाव देतो आणि त्या एका अँपरसँड (&) चिन्हामुळे संपूर्ण फाइल अवैध ठरते. एक्सएमएलच्या नियमानुसार वाचणाऱ्या प्रोग्रॅमने अशा चुकीपाशी थांबणे बंधनकारक आहे. ब्राउझर जसा तुटक्या एचटीएमएलला सांभाळून घेतो, तशी सवलत येथे नाही. १९९८ च्या फेब्रुवारीत एक्सएमएल १.० ही शिफारस प्रसिद्ध झाली तेव्हापासून हा कडकपणा मुद्दाम ठेवलेला आहे, आणि माझ्या मते तो योग्यच आहे, कारण चूक लिहिणाऱ्याच्या पदरात लवकर पडते.

अँपरसँड आणि डावा कोनी कंस ही दोन चिन्हे मजकुरात कधीही जशीच्या तशी येऊ शकत नाहीत, आणि टॅगच्या आत लिहिलेल्या गुणधर्माच्या किमतीत ज्या अवतरणचिन्हाने ती किंमत वेढलेली असेल ते चिन्हही येऊ शकत नाही. या चिन्हांसाठी, आणि उजव्या कोनी कंसासाठी, एक्सएमएलमध्ये एकूण पाच पर्यायी रूपे आधीच ठरलेली आहेत. ती आपल्या हाताने बदलत बसण्याचा मोह टाळावा. बदलताना अँपरसँडचा क्रम चुकला, म्हणजे तो सर्वांत आधी न बदलता नंतर बदलला, तर आधी केलेली रूपे पुन्हा बदलली जातात आणि वाचणाऱ्याच्या पडद्यावर अर्धवट संकेत दिसू लागतात. हे काम लेखकाचे, म्हणजे एक्सएमएल लिहिणाऱ्या तयार घटकाचे आहे, आणि ते त्याच्यावरच सोपवावे.

अँड्रॉइडवर कोणते साधन वापरावे?

अँड्रॉइडच्या अगदी पहिल्या आवृत्तीपासून एक्सएमएल सिरियलायझर, म्हणजे एक्सएमएल लिहिणारा वर्ग, सोबत येतो आणि बहुतेक ॲपना तो पुरतो. त्याला आउटपुट द्यायचा, दस्तऐवज सुरू करायचा, टॅग उघडायचा, गुणधर्म आणि मजकूर लिहायचा, टॅग बंद करायचा आणि शेवटी दस्तऐवज संपवायचा, असा त्याचा सरळ क्रम आहे. चिन्हांची पर्यायी रूपे तो स्वतः लिहितो. कोटलिनमध्ये एक छोटे फंक्शन लिहून टॅग उघडणे आणि बंद करणे एकत्र बांधून टाकावे, म्हणजे एखादा टॅग उघडाच राहून जाण्याची शक्यता उरत नाही.

दस्तऐवजाचे संपूर्ण झाड मेमरीत उभे करून ते लिहिण्याची जावातली पद्धतही अँड्रॉइडवर आहे, पण ती लहान फाइलींपुरतीच ठेवावी. सर्व्हरवरच्या जावातून आलेल्या मंडळींनी लक्षात ठेवावे की जॅक्सबी आणि स्टॅक्स ही दोन परिचित साधने अँड्रॉइडमध्ये अंतर्भूत नाहीत.

आयफोनवर काय करावे? तेथे एक्सएमएल लिहिणारा वर्ग सापडत नाही.

आपण काही चुकत नाही. तो खरोखरच नाही. ॲपलच्या फाउंडेशनमध्ये एक्सएमएल वाचणारा पार्सर आयफोनवर मिळतो, परंतु दस्तऐवज तयार करणारे वर्ग फक्त मॅकसाठी आहेत. मॅकवर चाललेला कोड आयफोनसाठी बांधताना अडतो तो येथेच.

मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे प्रणालीसोबत येणारी लिबएक्सएमएल२ ही सी भाषेतली लायब्ररी, जिच्यात एक्सएमएल ओळीने लिहीत जाणारा टेक्स्ट-रायटर आहे. स्विफ्टमधून तो वापरणे थोडे खडबडीत वाटते, पण तो वेगवान आणि विश्वासार्ह आहे. दुसरा मार्ग म्हणजे एक्सएमएलकोडरसारखे खुले पॅकेज, जे स्विफ्टच्या रचनांवरून थेट एक्सएमएल तयार करते. आठ तासांच्या वाटेसाठी मी पहिला मार्ग निवडेन, सेटिंग्जसारख्या लहान फाइलीसाठी दुसरा.

फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह वापरत असल्यास?

फ्लटरमध्ये डार्टचे एक्सएमएल पॅकेज आणि त्यातला बिल्डर पुरेसा आहे. रिॲक्ट नेटिव्हमध्ये ब्राउझरचे डॉम (दस्तऐवजाचे मेमरीतले झाड) नसते, त्यामुळे वेबवर सहज मिळणारा सिरियलायझर तेथे मिळत नाही. फास्ट-एक्सएमएल-पार्सर या पॅकेजमध्ये लिहिणारा बिल्डरही आहे, तो वापरता येतो. पुढचे सर्व प्रश्न या दोन्ही ठिकाणी तितकेच लागू आहेत.

फोनची भाषा मराठी केली की आमची फाइल दुसरीकडे उघडत नाही. इंग्रजी ठेवली की उघडते. असे का होते?

हा प्रश्न या पृष्ठावरचा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि मराठी माणसांसाठी ॲप लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी गाठतोच.

लोकेल म्हणजे भाषा आणि प्रदेश यांनुसार अंक, तारखा वगैरे लिहिण्याचे संकेत. युनिकोडच्या लोकेल-माहितीत मराठीसाठी देवनागरी अंक हे मूळ अंक, म्हणजे वेगळे काही न सांगितल्यास वापरायचे अंक, म्हणून नोंदवलेले आहेत. हिंदीचे तसे नाही. हिंदीसाठी मूळ अंक आंतरराष्ट्रीय आहेत. त्यामुळे अँड्रॉइडवर फोनची भाषा मराठी असताना आपण दशांश सहा स्थळांपर्यंत छापण्यासाठी स्ट्रिंग-फॉरमॅट फंक्शन लोकेल न सांगता वापरले, तर ते फोनच्या लोकेलनुसार देवनागरी अंक देते. राजगडाचा अक्षांश 18.246 असा न लिहिता १८.२४६ असा लिहिला जातो. माणसाच्या डोळ्यांना दोन्ही सारखेच आहेत. परंतु जीपीएक्सच्या साच्यात अक्षांशाचा प्रकार दशांश संख्या असा ठरलेला आहे, आणि त्या प्रकारात शून्य ते नऊ हे आंतरराष्ट्रीय अंक, चिन्ह आणि दशांशबिंदू यांखेरीज काहीही चालत नाही.

या दोषाची आणखी एक खोड अशी की तो नेहमी सारखा वागत नाही. जावातले पूर्णांक वाचणारे फंक्शन देवनागरी अंक बिनतक्रार स्वीकारते, दशांश वाचणारे फंक्शन मात्र तेच अंक नाकारते. म्हणून बिंदूंचा अनुक्रमांक ठीक वाचला जातो, अक्षांश वाचला जात नाही, आणि शोधणारा माणूस अंकांचा संशय सोडून भलतीकडेच वळतो. हिंदीत फोन ठेवून चाचणी केली तर दोष दिसतच नाही, आणि ‘देवनागरीत तपासले आहे’ असा खोटा दिलासा मिळतो.

यावरचा नियम साधा आहे. पडद्यावर जे दिसते ते वापरकर्त्याच्या भाषेत आणि त्याच्या अंकांत दिसू द्यावे. फाइलमध्ये जे जाते ते तटस्थ लोकेलने लिहावे. अँड्रॉइडवर प्रत्येक फॉरमॅट फंक्शनला लोकेलच्या जागी रूट लोकेल स्पष्टपणे द्यावे. आयफोनवर स्ट्रिंग-फॉरमॅट लोकेल न देता वापरल्यास सहसा अडचण येत नाही, पण नंबर-फॉर्मॅटर आणि डेट-फॉर्मॅटर फोनचे लोकेल उचलतात, म्हणून त्यांना अमेरिकी इंग्रजीचे पॉझिक्स लोकेल द्यावे लागते. हाच नियम पाळला की जर्मनीत राहणाऱ्या मराठी वापरकर्त्याच्या फोनवर दशांशबिंदूच्या जागी येणारा स्वल्पविरामही आपोआप टळतो.

काही जण यावर उपाय म्हणून संपूर्ण ॲपचेच लोकेल इंग्रजी करून टाकतात. तसे कृपया करू नये. आपल्या भाषेतले अंक पडद्यावर दिसणे हा वापरकर्त्याचा हक्क आहे. चूक फाइल लिहिणाऱ्या चार ओळींची आहे आणि ती तेथेच दुरुस्त व्हायला हवी.

अक्षांश आणि रेखांश किती दशांश स्थळांपर्यंत लिहावेत?

सहा. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा असतो, म्हणजे पाचवे दशांश स्थळ सुमारे एक मीटर आणि सहावे सुमारे अकरा सेंटिमीटर दाखवते. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर चुकतो, त्यामुळे चौदा-पंधरा स्थळे लिहिल्याने अचूकता वाढत नाही, फाइल मात्र फुगते.

किमती डबलमध्येच (दशांशांच्या जास्त अचूक प्रकारात) ठेवाव्यात, कमी अचूक फ्लोटमध्ये नाही. महाराष्ट्राचे रेखांश ७२ ते ८१ अंशांच्या दरम्यान येतात आणि तेवढ्या मोठ्या संख्येसाठी फ्लोटमधल्या दोन लगतच्या किमतींत जवळजवळ पाऊण मीटरचे अंतर पडते. वाट त्यामुळे पायऱ्यापायऱ्यांची दिसू लागते.

लोकेलचा त्रास टाळण्यासाठी कोणी डबलचे थेट स्ट्रिंगमध्ये रूपांतर करतात. त्यात अंक बरोबर येतात, पण संख्या फार लहान असेल तर जावा ती घातांकाच्या रूपात लिहिते, आणि जीपीएक्सच्या दशांश प्रकारात घातांक चालत नाही. पुण्यात किंवा नागपुरात हे कधी दिसणार नाही. लंडनला ग्रेनिचजवळ शून्य रेखांश ओलांडून फिरणाऱ्या आपल्याच एखाद्या वापरकर्त्याच्या फाइलमध्ये ते नेमके दिसेल. म्हणून रूट लोकेल आणि सहा स्थळांचा ठरलेला फॉरमॅट, हाच मार्ग बरा.

वेळ कशी लिहावी?

जीपीएक्समध्ये वेळ नेहमी यूटीसीत, म्हणजे जागतिक समन्वित वेळेत, लिहायची असते : वर्ष-महिना-दिवस, मग ‘टी’ हे अक्षर, तास-मिनिट-सेकंद आणि शेवटी यूटीसी दर्शवणारे ‘झेड’ हे अक्षर. आपली प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे पहाटे पाचला पायथ्याहून निघालेल्या माणसाच्या पहिल्या बिंदूवर आदल्या दिवसाची तारीख आणि रात्रीचे साडेअकरा दिसतील. ते बरोबर आहे. तेथे हात लावू नये.

नेहमी आढळणारी चूक म्हणजे फॉरमॅटमध्ये ‘झेड’ हे अक्षर अवतरणात टाकून दिलेले असते आणि टाइम-झोन मात्र फोनचाच राहिलेला असतो. अशी फाइल वैध असते, उघडते, आणि साडेपाच तासांनी खोटी असते. अँड्रॉइडवर इन्स्टंट या वर्गाचे थेट स्ट्रिंग-रूप वापरले तर टाइम-झोन आणि लोकेल हे दोन्ही प्रश्न एकदम मिटतात. हा वर्ग अँड्रॉइड ८ पासून थेट मिळतो, आणि जुन्या फोनसाठी डीशुगरिंगची (नवे वर्ग जुन्या आवृत्तीवर चालवण्याची) सोय आहे. आयफोनवर आयओएस १० पासून आयएसओ ८६०१ साठी स्वतंत्र फॉर्मॅटर आहे. साधा डेट-फॉर्मॅटर वापरला आणि फोनवर बौद्ध कॅलेंडर निवडलेले असले तर वर्षात ५४३ ची भर पडते, हेही ध्यानात असावे.

मराठी नावे फाइलमध्ये जशीच्या तशी लिहावीत, की सांकेतिक रूपात?

जशीच्या तशी, यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत. प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा संख्यासंकेत लिहिण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून दिसते. तो वैध असतो, पण माणसाला वाचता येत नाही आणि जागा दुपटीहून अधिक घेतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘सह्याद्री’ या शब्दात नऊ चिन्हे आहेत, म्हणजे सत्तावीस बाइट. आजच्या फोनवर ही जागा नगण्य आहे.

फाइलच्या पहिल्या ओळीतल्या एक्सएमएल-घोषणेत जे एन्कोडिंग लिहिले आहे त्याच एन्कोडिंगमध्ये बाइट प्रत्यक्ष लिहिले गेले पाहिजेत. वरची ओळ यूटीएफ-८ म्हणते आणि खालचा रायटर दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये लिहितो, अशी तफावत झाली की मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. यासाठी सिरियलायझरला रायटर देण्याऐवजी बाइटचा आउटपुट-स्ट्रीम आणि एन्कोडिंगचे नाव द्यावे, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी ठरतात. ती घोषणा फाइलच्या अगदी पहिल्या वर्णापासून सुरू झाली पाहिजे. तिच्याआधी एक रिकामी ओळ जरी राहिली तरी फाइल अवैध होते.

येथे एक इशारा आवर्जून द्यावासा वाटतो. मजकूर ‘स्वच्छ’ करण्यासाठी अदृश्य वर्ण सरसकट काढून टाकणारी फंक्शन अनेक प्रकल्पांत असतात. मराठीत शून्य रुंदीचा जोडक हा अदृश्य वर्ण अर्थ वाहून नेतो. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो : एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यामागे हा जोडक असतो. दुसऱ्या प्रकारातला जोडक काढला की उरते ते ‘दर्या’. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो, आणि हे काम आपल्या कोडने केलेले असते. जोडक एक्सएमएलमध्ये पूर्णपणे वैध आहे. त्याला हात लावण्याचे काहीही कारण नाही.

मग कोणते वर्ण खरोखरच काढावे लागतात?

एक्सएमएल १.० मध्ये टॅब, नवी ओळ आणि कॅरेज-रिटर्न हे तीन सोडले तर बत्तीसपेक्षा लहान संकेतांचा कोणताही नियंत्रक वर्ण चालत नाही, आणि तो संख्यासंकेत म्हणून लिहूनही चालत नाही. दुसऱ्या ॲपमधून कॉपी केलेल्या मजकुरात असे वर्ण कधी कधी दडून येतात. अँड्रॉइडचा सिरियलायझर त्यांच्यापाशी अपवाद फेकतो, आणि तो पकडलेला नसेल तर ॲप बंद पडते. त्याचबरोबर जावाच्या स्ट्रिंगमध्ये इमोजी हा बहुधा दोन भागांनी बनलेला असतो. नाव ठरावीक लांबीला कापताना त्याचा अर्धाच भाग उरला तर तोही अवैध ठरतो. तेव्हा गाळणी असावी, पण ती एक्सएमएलच्या यादीप्रमाणे असावी, ‘अदृश्य ते सर्व’ अशी नसावी.

सीडेटा विभागात (जेथे चिन्हांची पर्यायी रूपे लागत नाहीत) मजकूर टाकल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण निषिद्ध वर्ण तेथेही निषिद्धच राहतात.

फाइल सुघटित आहे, तरी काही उपकरणे ती नाकारतात. कारण काय असावे?

सुघटित असणे, म्हणजे एक्सएमएलचे सामान्य नियम पाळणे, आणि साच्याप्रमाणे वैध असणे या वेगळ्या पायऱ्या आहेत. जीपीएक्स १.१ मध्ये मुळाच्या टॅगवर आवृत्ती आणि फाइल तयार करणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव हे दोन गुणधर्म सक्तीचे आहेत, नेमस्पेस (टॅग कोणत्या साच्यातले आहेत हे सांगणारे नाव) अक्षरशः ठरलेला आहे, आणि घटकांचा, म्हणजे टॅग व त्यांतला मजकूर यांचा, क्रमही ठरलेला आहे. बिंदूमध्ये आधी उंची, मग वेळ, आणि नाव त्यानंतर येते. वाटेचे नाव तिच्या तुकड्यांच्या आधी यावे लागते. सुटे थांबे वाटेच्या आधी लिहावे लागतात. मॅप किंवा डिक्शनरीवरून घटक लिहिणाऱ्या कोडमध्ये हा क्रम हमखास विस्कटतो. उदार वाचक ते चालवून घेतो, काटेकोर उपकरण नाही.

वेगाबद्दल वारंवार विचारले जाते. १.० मध्ये बिंदूला वेगाचा घटक होता, १.१ मध्ये तो नाही. वेग लिहायचाच असेल तर विस्तारासाठी राखलेल्या घटकात, आपल्या स्वतंत्र नेमस्पेससह लिहावा.

दाट झाडीत किंवा घळीत सिग्नल गेला, तर पुढचा बिंदू त्याच तुकड्यात जोडू नये. नवा तुकडा सुरू करावा. अन्यथा नकाशावर कडा आरपार छेदणारी सरळ रेघ उमटते, आणि ती वाट समजून कोणी पावसाळ्यात तिकडे गेला तर ती निव्वळ सॉफ्टवेअरची चूक राहत नाही.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर असताना आमच्या फाइलमध्ये ती कितीतरी कमी का येते?

अँड्रॉइड जी उंची देते ती समुद्रसपाटीपासूनची नसून डब्ल्यूजीएस-८४ या गणिती पृष्ठापासूनची असते. भारतीय द्वीपकल्पाच्या भागात समुद्रसपाटीचे पृष्ठ या गणिती पृष्ठाच्या बरेच खाली आहे. आपल्याकडे सह्याद्रीत हा फरक साठ मीटरांहून अधिक आहे. त्यामुळे कळसूबाईच्या माथ्यावर उभे असताना पंधराशेच्या घरातला आकडा येतो. आयफोन मात्र समुद्रसपाटीपासूनची उंची देतो, म्हणून एकाच माथ्यावर शेजारी उभ्या असलेल्या दोन मित्रांच्या फाइली जुळत नाहीत.

अँड्रॉइड १४ पासून उंचीचे रूपांतर करणारा वर्ग प्रणालीतच आहे; त्याआधीच्या फोनसाठी जिऑइडचा (समुद्रसपाटीच्या पृष्ठाचा) तक्ता ॲपसोबत द्यावा लागतो. उंची उपलब्धच नसेल तर तो घटक लिहूच नये. अँड्रॉइडवर उंची नसताना तिची किंमत शून्य मिळते, आणि ती तपासल्याविना लिहिली तर आलेखात माणूस क्षणभर समुद्रसपाटीवर जाऊन परत येतो.

दिवसभराच्या नोंदीची फाइल तयार करताना ॲप अडकते किंवा मेमरी संपते. काय करावे?

दर सेकंदाला एक बिंदू धरला तर आठ तासांत २८,८०० बिंदू होतात. एका बिंदूला सव्वाशे-दीडशे बाइट धरले तर फाइल सुमारे चार मेगाबाइटची होते, जी काही फार मोठी नाही. अडचण येते ती सगळे झाड मेमरीत उभे केल्यामुळे, कारण प्रत्येक टॅग आणि गुणधर्मासाठी वेगळी वस्तू तयार होते आणि तेच चार मेगाबाइट कैक पटींनी वाढतात. त्याहून वाईट म्हणजे लूपमध्ये स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडत जाणे, कारण प्रत्येक वेळी आधीचा सगळा मजकूर नव्याने कॉपी होतो.

बिंदू डेटाबेसमधून कर्सरने एकेक वाचावा, सिरियलायझरला द्यावा, आणि तो बफर लावलेल्या स्ट्रीममधून थेट फाइलमध्ये जाऊ द्यावा. हे काम मुख्य थ्रेडवर करू नये. अशाने आठ तासांची वाट असो की आठ दिवसांची, मेमरीचा वापर तेवढाच राहतो.

चालता चालताच एक्सएमएल फाइल लिहीत गेलो तर चालेल का?

मी तसे करण्याच्या विरोधात आहे. एक्सएमएल फाइल शेवटचा टॅग बंद होईपर्यंत अपूर्ण असते, आणि फोनची बॅटरी नेमकी उतरताना संपते. मग दिवसभराची नोंद हाताशी असूनही ती कोणताच प्रोग्रॅम उघडत नाही. नोंद फोनवरच्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये करावी, कारण प्रत्येक बिंदू तेथे सुरक्षित पडतो, आणि एक्सएमएल हे केवळ बाहेर देण्याचे रूप मानून मागितल्यावर तयार करावे.

तयार करतानाही आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहावे आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव द्यावे, म्हणजे अर्धवट फाइल कोणाच्या हाती लागत नाही. अँड्रॉइडमध्ये यासाठी ॲटॉमिक-फाइल नावाचा वर्ग तयार आहे. आयफोनवर डेटा लिहिताना ॲटॉमिक पर्याय देता येतो.

टॅग ओळीत मांडून, समास सोडून लिहावेत का?

दोष शोधताना जरूर लिहावेत. वापरकर्त्याला देताना समास वगळला तरी चालतो. प्रत्येक बिंदू नव्या ओळीवर एवढे पुरे.

तयार फाइल दुसऱ्या ॲपला कशी द्यावी?

अँड्रॉइड ७ पासून फाइलचा थेट पत्ता दुसऱ्या ॲपला दिला की अपवाद फेकला जातो. फाइल-प्रोव्हायडरमार्फत कंटेंट पत्ता द्यावा आणि वाचण्याची परवानगी सोबत जोडावी. वापरकर्त्याला स्वतः जागा निवडू द्यायची असेल तर अँड्रॉइड ४.४ पासून असलेली दस्तऐवज तयार करण्याची प्रणालीची खिडकी उघडावी. तीत स्टोरेजची परवानगी मागावी लागत नाही. जीपीएक्ससाठी वेगळा माइम प्रकार (फाइल कशाची आहे हे सांगणारे नाव) प्रचलित असला तरी प्रत्येक ॲप तो ओळखत नाही, म्हणून फाइलचे एक्स्टेन्शन बरोबर असणे अधिक उपयोगी पडते.

फाइलचे नाव मराठीत ठेवता येते, आणि ठेवावेही. अँड्रॉइडवरच्या फाइल-प्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, म्हणजे देवनागरीत एक्स्टेन्शन धरून ऐंशीच्या आसपास चिन्हे. काना-मात्रा आणि हलन्त यांनाही या मोजणीत वेगळे धरले जाते, त्यामुळे लांबलचक नाव वापरकर्त्याला वाटते त्याच्या बरेच आधी मर्यादा गाठते.

फाइल बरोबर आहे हे कसे तपासावे?

अँड्रॉइड फोनवर एक्सएमएल स्कीमाप्रमाणे, म्हणजे साच्याच्या औपचारिक नियमांप्रमाणे, तपासणी करण्याची सोय अंतर्भूत नाही. त्यासाठीचा वर्ग दिसतो, पण मागितल्यावर अपवाद मिळतो. तपासणी संगणकावर करावी. एक्सएमएललिंट हे कमांड-लाइन साधन जीपीएक्सच्या स्कीमासह चालवले की चुकलेला क्रम, राहिलेला गुणधर्म आणि देवनागरी अंक हे तिन्ही पकडले जातात. ही पायरी बिल्डमध्येच बसवावी.

चाचणीच्या नमुन्यांत ‘टेस्ट वन’ अशी नावे ठेवू नयेत. अँपरसँड, दोन्ही प्रकारची अवतरणे, इमोजी, जोडक असलेली ‘दऱ्या’ आणि नव्या ओळीसह लिहिलेले वर्णन असे नमुने ठेवावेत, आणि तयार झालेली फाइल परत वाचून प्रत्येक वर्ण जसाच्या तसा आला का हे पाहावे. गुणधर्मात लिहिलेली नवी ओळ वाचताना मोकळी जागा होऊन परत येऊ शकते. म्हणून लांब मजकूर नेहमी घटकात ठेवावा. हीच चाचणी एम्युलेटरची भाषा मराठी, जर्मन आणि अरबी ठेवून तीनदा चालवावी.

फाइलमधून वापरकर्त्याची खासगी माहिती बाहेर जाते का?

जाते, आणि तिची कल्पना त्याला आधी द्यायला हवी. बहुतेकांची नोंद घराच्या दारातच सुरू होते, त्यामुळे पहिला आणि शेवटचा बिंदू म्हणजे त्यांचा पत्ता असतो, आणि वेळेच्या घटकावरून घर कधी रिकामे होते हेही कळते. फाइल देताना सुरुवातीचा आणि शेवटचा काही भाग वगळण्याचा, तसेच वेळ न लिहिण्याचा पर्याय समोर ठेवावा. वेळ हा घटक जीपीएक्समध्ये ऐच्छिक आहे, त्यामुळे तो वगळला तरी फाइल वैध राहते. वगळलेले बिंदू केवळ पडद्यावरून लपवलेले नाहीत, तर फाइलमध्ये खरोखरच लिहिलेले नाहीत, याची खात्री तयार झालेली फाइल साध्या टेक्स्ट-एडिटरमध्ये उघडून स्वतः करून घ्यावी.